शिक्का न उमटलेला चेक

मित्रांनो, मी कापडदुकानातले एक जुने चेक वाचणारे यंत्र आहे. मालकांनी मला आणले ते काही प्रेमापोटी नव्हे. बँकेच्या आठवड्याला दोन खेपा वाचतील, न वटणारे चेक जागीच पकडले जातील आणि दीड वर्षात माझी किंमत वसूल होईल, असा त्यांचा पक्का हिशेब होता.

माझे काम सोपे. चेक फटीत सरकवला की मी त्यावरचे आकडे वाचतो, बँकेला कळवतो आणि पैसे वळते होतात. मग 'पैसे मिळाले' असा शिक्का मारून चेक गिऱ्हाइकालाच परत करतो. सुरुवातीला लोक मला मुद्दाम बघायला यायचे. मालक स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसत! पुढे कौतुक आटले, आणि शाईची पट्टीही सुकली.

"बाबा, नवी पट्टी आणू या," मालकांच्या सूनबाई म्हणाल्या.

"पैसे येतायत ना? मग शाई काय चाटायचीय?"

एकदा शिवणकाम करणाऱ्या ताईंनी बरेच अस्तर घेतले. मी पैसे वळते केले, पण शिक्का उमटलाच नाही. चेक जसाच्या तसा हातात आलेला पाहून ताईंना वाटले, आपली पत नाही म्हणून तो नाकारला आणि कापड दयेने दिले. चारचौघांत विचारणार कसे? मान खाली घालून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या नोटा घेऊन आल्या. "हे घ्या अस्तराचे. मी फुकटचं नेत नाही."

हातात आलेल्या नोटेला मालक कधी प्रश्न विचारत नसत. त्यांनी नोटा गल्ल्यात टाकूनही दिल्या.

"लेकीच्या परीक्षेची फी होती. आज दुपारपर्यंत मुदत आहे," ताई पुटपुटल्या. "बघते कुठे उसने मिळतात का."

सूनबाई चमकल्या; काल ताईंनी चेक दिल्याचे त्यांना आठवले. त्यांनी माझे बटण दाबले. अंगावर धूळ असली तरी माझी स्मरणशक्ती शाबूत होती. कालची रक्कम मी झळकवली: जमा.

"बाबा, एकाच अस्तराचे दोनदा घेतलेत तुम्ही!"

मालकांचे कान लाल झाले. "अहो ताई, बोलायचं नाही का?"

"शिक्का न मारता चेक परत केलात, वर मीच बोलू?"

मालकांनी नोटा मोजून परत दिल्या. "चुकलं माझं. आधी फी भरा, पळा!"

नवी पट्टी त्याच दिवशी आली. संध्याकाळी ताईंनी फीची पावती मुद्दाम आणून दाखवली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर पट्टी आणि आठवड्याला एकदा फडके एवढे पुरते. तेही दिले नाही, तर किंमत बहुधा काउंटरपलीकडचा माणूस मोजतो. त्या दिवशी मात्र चोख जमले: अस्तराचे ताईंनी भरले, एकदाच, पट्टीचे मालकांनी, आणि लेकीची फीही भरली गेली, मुदतीच्या तासभर आधी.