तांदळाच्या डब्यातला स्टार्टर

पॅसेजच्या दिव्याचं ते बटण आता हौसेरावांच्या तळहातावर होतं — मधोमध बोटांनी काळं पडलेलं, मागे वायरींची शेपटी. एवढंसं. दाबलं की पॅसेजमध्ये पिवळा उजेड, तो जरा रेंगाळायचा, मग टक् — अंधार. त्या टक्‌च्या भरवशावर सुचित्राने वर्ष काढलं होतं, शहाण्णवच्या दिवाळीपासून. जिन्यात शेजारीण बोलायला थांबली की उत्तर लांबवायचं, टक् होऊ द्यायचं, मग अंधारात मोकळं हसायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी असून हौसेराव स्वतःच शिडीवर चढले होते. नवे दिवे वीज फार खात नाहीत, म्हणून टायमरची कटकट नको, असं मीटिंगमध्ये ठरलेलं. सुरुवात तळमजल्यापासून व्हायची होती. "पण वहिनी, आज ऋताला बघायला येतायत ना. म्हटलं, पयला तुमचा मजला. आता टेन्शन नाय."

नवा दिवा पांढरा. दवाखान्यासारखा पांढरा. भिंतीचे पोपडे, कोपऱ्यातलं जाळं… आणि माझ्या ओठाच्या कडेचा तो डाग, आधी तांदळाएवढा, आता चिंचोक्याएवढा, पावडरीखाली. कोड — हा शब्द तिने नवऱ्यापुढेही काढला नव्हता. मावसबहिणीचं ठरत आलेलं लग्न तिच्या आईच्या कोपरावरच्या डागावरून मोडलं होतं. पाहुणे काही बोलले नव्हते, चहा तेवढा तसाच ठेवला होता, साय धरेपर्यंत…

घरात तिने सोय केली होती. सकाळीच ट्यूबचा स्टार्टर पिळून काढला, ट्यूब गेली म्हणाली, पिवळा बल्ब लावला. पण या म्हणायचं दारात, निरोप द्यायचा दारात —

"आई."

ऋता साडी नेसून बाहेर आली होती. तळहातावर स्टार्टर.

"तांदळात सापडला. लावू परत?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खाली रिक्षा थांबली. हौसेराव शिडी घेऊन वरच्या मजल्यावर सटकले. ऋताने वाकून जिन्यात पाहिलं, मान वळली — कानामागे, केसांच्या रेषेशी, फिकट काहीतरी… पावडर? की दिव्याचाच पांढरेपणा? सुचित्राचे डोळे बारीक झाले, तिथे खिळले, कडा शोधू लागले — पाहुणे तर अजून जिन्यातच आहेत. मग ही बघणारी कोण? मीच. मीच बघतेय, त्यांच्या डोळ्यांनी.

हात सवयीने भिंतीकडे गेला. बटणाच्या जागी ओलं सिमेंट, बोट रुतलं. पावलं चढत होती. तिने पदर उचलला, आणि तो आपल्या ओठाशी न्यायचा की पोरीच्या कानावर ओढायचा, हे न कळून तसाच हवेत धरून उभी राहिली.