सूपमधल्या तीन कॅप्सूल

आमच्या ह्यांना गोळी गिळता येत नाही असं नाही, त्यांना ती गिळायचीच नसते. अडतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना एकदाही गोळी घेताना पाहिलेलं नाही. डोकं दुखलं की भट्टीजवळ जाऊन बसतात, ताप आला की पिठाच्या पोत्याला टेकून झोपतात, आणि बरे झाले की गिऱ्हाइकांना सांगतात, "औषधाचा एक थेंब पोटात गेलेला नाही आजवर." सांगताना छाती अशी काढतात, जणू ताप मीच आणला होता आणि त्यांनी तो घालवला.

बेकरी आमची स्वतःची. पाव ते भाजतात, काउंटर मी सांभाळते. मागच्या हिवाळ्यात एक दिवस सगळा पहिला घाणा अळणी निघाला. पाव परत घेऊन येणाऱ्यांची रांग लागली. हे म्हणाले, "मीठ घातलं होतं मी." महिन्याभरात पुन्हा तेच झालं. ह्यांचं वय सहासष्ट. त्यांचे वडीलही असेच आधी मीठ विसरले होते, मग चाव्या, मग आम्हाला.

ह्यांच्याजवळ हा विषय काढायची माझी छाती नव्हती. मी गुपचूप पलीकडच्या गल्लीतल्या जडीबुटीच्या दुकानात गेले. दुकानदारानं तीन बाटल्या पुढ्यात ठेवल्या. स्मरणशक्तीला गिंको, हृदयाला लसूण, ताकदीला जिनसेंग. मी म्हटलं, ते गोळीला हात लावायचे नाहीत. तो म्हणाला, "कॅप्सूल उघडायची काकू, आणि पूड कशातही मिसळायची. नैसर्गिक आहे, अपाय काय व्हायचाय?"

त्या संध्याकाळपासून ह्यांच्या सूपमध्ये रोज तिन्ही कॅप्सूलची पूड पडू लागली. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कडवट लागतंय." मी म्हटलं, "भट्टीचा धूर खाऊन जीभ मेलीय तुमची." वाडगा पुसून संपवला बिचाऱ्यांनी. त्यानंतर मीठ काही ते विसरले नाहीत. आता रोज सकाळी मीठ मोजून वाटीत काढून मीच कणकेशेजारी ठेवत होते, ही गोष्ट वेगळी.

मग पोती उचलून उचलून हर्निया झाला आणि ऑपरेशन ठरलं. दोन दिवस आधी तपासणीला बोलावलं. भूल देणारी डॉक्टर आमच्या धाकटीच्या वयाची, पण मोठी चौकस. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणार म्हणाली. मग फॉर्म पुढे ओढून विचारलं, "काका, काही औषधं चालू आहेत?"

"एकही नाही." छाती निघालीच.

"व्हिटॅमिन, काढे, जडीबुटीचं काही? तेही सांगा, लपवू नका."

"आयुष्यात नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्सचा बंद नीट करत बसले. नैसर्गिकच आहे, असं मनाशी म्हणत होते, पण कान तापले होते.

तपासणीसाठी रक्त द्यायला गेलो. सुई काढल्यावर नर्सनं कापूस दाबायला सांगितला. पाच मिनिटांनी तो लालभडक झाला होता. दुसरा दिला, तोही भिजला. तिसऱ्यावर रक्त थांबलं, पण कोपराच्या आत मोठा निळा डाग उमटला. हे म्हणाले, "पोरीला टोचता येत नाही नीट." पोरीचा काही दोष नसावा असं मला वाटत होतं. ह्यांना बाकावर बसवून मी परत डॉक्टरच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिन्ही नावं लिहून घेतली आणि म्हणाली, "काकू, या तिन्हींनी रक्त गोठायला उशीर लागू शकतो. तो डाग त्यानंच पडला असं मी छातीठोक नाही सांगणार. पण कमरेतली सुई मणक्यात जाते. तिथं आतल्या आत रक्त साठलं तर नसा दाबल्या जातात. पाय कायमचे जाऊ शकतात. ऑपरेशनच्या जागी रक्त थांबलं नाही तर तो आणखी वेगळा घोर."

मी खुर्चीत बसले.

"आजपासून सगळं बंद. ऑपरेशन दोन आठवडे पुढे," ती म्हणाली. "आणि का पुढे गेलं ते काकांना तुम्हीच सांगायचं. शरीर त्यांचं आहे."

बाकावर जाऊन सांगितलं. हे भिंतीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं. पण ते मी ठरवलं असतं ना."

मग जे इतके महिने गिळून बसले होते तेही बाहेर पडलं. "तुम्ही मीठ विसरायला लागलात. मामंजींचं तसंच सुरू झालं होतं. उद्या मलाच विसरलात तर मी कुणाकडे बघू हो?"

ते उठले आणि माझ्यापुढे चालत घरी आले.

त्या रात्री सूपचा वाडगा त्यांनी हातानं बाजूला सरकवला आणि दोन अंडी उकडत ठेवली. पुढचे दोन आठवडे तेच चाललं. बेकरीतला पाव आणि स्वतः उकडलेली अंडी. अंडं सोलेपर्यंत त्यात काही मिसळता येत नाही ना. पाणीसुद्धा स्वतःच नळावरून भरून घेत. भांडण झालं असतं तर मी जिंकलेही असते, भांडणात मला कुणी हरवत नाही. पण ते माझ्याशी चांगलंच वागत होते. फक्त माझ्या हातचं खात नव्हते. मी एकटीच जेवायची.

एकदा मात्र मिठाच्या वाटीजवळून त्यांनी हाक मारली. "मीठ रोज तू काढून ठेवतेस?"

"हो."

"ठेवत जा," म्हणाले, आणि कणीक मळू लागले.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरनं पुन्हा विचारलं. ह्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. गिंको, लसूण, जिनसेंग, किती दिवस, कधी बंद केलं, घडाघडा, एक नाव चुकलं नाही. त्यांना आत नेलं आणि मी दीड तास त्या दारावरचा दिवा बघत बसले. मनात एकच होतं, पाय शाबूत राहू देत, मग जन्मभर अंडी खाऊ देत.

बाहेर आणलं तेव्हा कमरेखाली सगळं बधिर होतं. डॉक्टर म्हणाली, रक्त व्यवस्थित थांबलं, आता पाय हलायची वाट बघायची. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. पहिला तास काहीच नाही. दुसऱ्या तासाला उजवा अंगठा हलला, मग डावा. मी चादरीवरूनच दोन्ही पावलं धरून ठेवली. ती थंडगार होती.

थोड्या वेळानं नर्स पेला घेऊन आली. "काका, घोटभर पाणी घ्यायला हरकत नाही आता." तिनं चमचा पुढे केला. ह्यांनी मान वळवली.

"हिला देऊ दे," म्हणाले.

मी चमचा घेतला आणि घाईघाईनं सांगू लागले, "साधं पाणी आहे हो. नर्सनं आत्ताच आणलंय, मी काही..."

"मी विचारलं का?" असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत चमचा पुढे केला आणि अर्धं पाणी त्यांच्या हनुवटीवरून उशीवर सांडलं.