मनुकांच्या पाण्याची बरणी

मी एक जुनी बरणी आहे. देवळीच्या एका लहानशा चर्चमधला प्रभुभोजनाचा पवित्र द्राक्षारस माझ्या पोटात राहत असे. त्याआधी कैरीचं लोणचं राहत असे.

मित्रांनो, मी चिनी मातीची. वर तपकिरी, खाली पांढरी. पुढं चर्चसाठी द्राक्षारस करणाऱ्या आनंदाबाईंनी मला बाजारातून घेतलं तेव्हा दुकानदारानं टिचकी मारून माझा आवाज ऐकवला आणि म्हणाला, "खणखणीत हाये बाई." माझं कौतुक झालं ते तेवढंच.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू आहे, दुकान नाही. चर्चमध्ये तर दुहेरी बंदी होती. आमच्या पाळकसाहेबांनी जन्मात थेंब घेतलेला नव्हता. ते शिकवत, की द्राक्षारस पिणं पाप आहे असं शास्त्र म्हणत नाही, धुंद होणं पाप आहे. पण ज्यानं आपला दुबळा भाऊ पडतो, ते आपणही सोडावं. म्हणून आमच्या प्याल्यात मनुका उकळून गाळलेलं पाणी असे. दुबळा भाऊ कोण, हे कोणी विचारत नसे. सगळे प्रेमदासकडे पाहत.

प्रेमदास जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. एका नाताळात तो झुलत चर्चला आला आणि प्रवचनाला मध्येच टाळ्या वाजवू लागला. चर्चच्या पंचांनी त्याला प्रभुभोजनातून काढलं. मग त्याची बायको सीताबाई म्हणाली, "आता एक थेंब पेले, तर मी आंजीले माहेरी जातो. वापस नाई येत." तेव्हापासून त्यानं सोडली होती. अठ्ठ्याण्णव सालच्या ईस्टरला त्याला पुन्हा प्याला मिळणार होता. सीताबाईनं त्याच्या सदऱ्याला स्वतः इस्त्री केली होती.

आता माझ्या पोटाचं सांगते. आनंदाबाई हे पाणी नेहमी प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी करत. त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना हिंगणीला जायचं होतं, म्हणून त्यांनी ते कितीतरी आधी केलं. टिकावं म्हणून साखर घातली. मुरंबा टिकतो, मग हे का नाही? तोंडाला फडकं बांधून मला उन्हातही ठेवलं, कारण लोणच्याला ऊन मानवतं. माझ्या तळाशी मागच्या वेळचा गाळ होता. तो धुवायचा राहून गेला.

चार-दोन दिवसांत मला गुडगुड सुरू झाली. बुडबुडे वर यायचे, फडकं फुगायचं, वास बदलायचा. मला कळत होतं काय होतं आहे, आणि बरणीला तोंड असून बोलता येत नाही. ईस्टर जवळ येत होता, ऊन वाढत होतं. तेवढी तगमग मी लोणच्याच्या दिवसांतही सोसली नव्हती.

ईस्टरच्या सकाळी माझ्यातून तांब्याभर गाळून घेतलं आणि मला टेबलाखाली ठेवलं. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे पहिला घोट घेतला. त्यांना ठसका लागला. मनुका आंबट निघाल्या असाव्यात, अशा चेहऱ्यानं त्यांनी प्याला पंचांना दिला. थोरले पंच लक्ष्मणराव यांनी घोट घेतला, थांबले आणि आणखी एक घेतला. बाकीच्या पंचांचे घोटही त्या दिवशी लांब होते.

मग प्रेमदास गुडघे टेकून बसला. प्याला ओठांपाशी आला आणि तिथंच थांबला.

"साहेब," तो हळू म्हणाला, "हे दारू होय."

लक्ष्मणराव म्हणाले, "तुले सारंच तसं लागून राह्यलं. आम्ही आत्ताच घेतलं ना? आम्हाले काऊन नाई लागलं?"

"ते मी कसा सांगू भाऊ? तुमीच सांगा."

पाळकसाहेबांनी पंचांना विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला तसं वाटलं का?"

पंचांनी पंख्याकडे पाहिलं. दारूची चव ओळखली असं म्हणायचं, तर ती आधी कुठं भेटली, हेही सांगावं लागलं असतं.

बायकांच्या बाजूनं सीताबाईचा आवाज आला. "पेले का?"

"नाई. वासावरूनच."

"मंग ठेवा खाली."

त्यानं प्याला खाली ठेवला. लक्ष्मणराव कडाडले, की ईस्टरच्या दिवशी प्याला नाकारणाऱ्याला आता कायमचं काढा. पाळकसाहेब म्हणाले, उपासना संपल्यावर बघू. मागचे लोक मात्र पुढं येईनात. तांब्या जवळजवळ भरलेला राहिला. आणि आमच्याकडे रिवाज असा, की ज्यावर आशीर्वाद मागितला ते उरलं तर ओतून द्यायचं नाही, पाळकानं संपवायचं. साहेबांचा शुक्रवारपासून उपास होता. त्यांनी सगळं संपवलं.

मग त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. "लक्ष्मणराव," ते प्रेमानं म्हणाले, "तुमचा आवाज भसाडा आहे. प्रभूला चालतो, मला त्रास होतो." आणि ते पायरीवर जाऊन बसले.

सगळे गोळा झाले. प्रेमदासनं त्यांना बगलेत हात घालून उठवलं. ते काम त्याला ठाऊक होतं, उलट्या बाजूनं. "मान खाली घालू नका साहेब, जास्त फिरते," म्हणत त्यानं त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. सीताबाई मागून धरून चालली.

"ऊन लागलं असंन," लक्ष्मणराव म्हणाले.

"हो भाऊ," सीताबाई म्हणाली. "तुमाले बी लागलं दिसते. डोळे लाल हायेत."

पुढच्या आठवड्यात पंचांची बैठक झाली. प्रेमदासला काढायचा विषय कोणी काढला नाही. दोष बरणीचा, असं ठरलं. लक्ष्मणरावांनी दारूच्या दुष्परिणामांवर बराच वेळ भाषण केलं. पुढच्या प्रभुभोजनाला लाल शरबत आलं. प्रेमदासनं ते घेतलं आणि साखर जास्त झाली म्हणाला. सीताबाई आंजीला फक्त भावाच्या लग्नाला गेली, आणि परत आली.

मित्रांनो, मला आता कोणी चर्चमध्ये नेत नाही. तरी अजून कोणी तोंडाला फडकं बांधलं, की मला धाकधूक होते. तुम्हाला एकच विनवणी. बरणी भरण्याआधी ती आतून धुवा. बाहेरून ती नेहमीच स्वच्छ दिसते.

सध्या मी सीताबाईकडे आहे. माझ्यात लिंबाचं लोणचं आहे. मीठ कमी पडलं आहे.