अंबाजीची गळती

खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून जाताना कुठे पाणी झिरपताना दिसलं की वाकायचं, चिखलाचा गोळा उचलायचा, भोकात कोंबायचा आणि पुढे चालू लागायचं, हा रेवदंड्याच्या खाडीकाठच्या त्या गावाचा रिवाज. लग्नाच्या वऱ्हाडालाही सुटका नाही. जो हे करणार नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं काम अंबाजीने स्वतःहून अंगावर घेतलेलं.

यंदा गळती लागली ती नेमकी त्याच्याच शेताला लागून, बांधाच्या पायथ्याशी. अंबाजीने गोळा कोंबला, तर पाणी हातभर अलीकडे फुटलं. तिथे कोंबला, तर पलीकडे. भात पोटरीला आलेलं आणि सर्वपित्रीचं उधाण तोंडावर. खारं पाणी आत शिरलं की पीक तर जातंच, वर जमीनही काही वर्षं रुसून बसते. अंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याची पुतणी तेजस्वी ही धरणांच्या कामावर इंजिनीअर. ती सुट्टीला आली होती. तिने गळतीचं पाणी ओंजळीत घेतलं. ते गढूळ होतं.

"काका, हे पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय. एक वाट बुजवली की दुसरी शोधतं. पाण्याला जाऊ द्या, फक्त माती अडवा."

"पानी जाऊ देऊ? माझ्या हातानं?"

तिने घर पेटवायला सांगितलं असतं तरी तो इतका दचकला नसता. पण दुसरा इलाज नव्हता. भांगाला, भरतीचा जोर कमी असताना, दोघांनी चिखल उपसला आणि तिथे आधी जाड रेती, तिच्यावर बारीक खडी आणि वर दगड रचले. झिरपणारं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून बाजूने चर खणून ते नाल्याकडे वळवलं. पाणी येतच राहिलं, पण स्वच्छ. अंबाजीला ते बघवत नव्हतं.

सकाळी येऊन पाहतो तर दगड चिखलाने लिंपलेले! जाणाऱ्या-येणाऱ्यांनी इमानेइतबारे रिवाज पाळला होता आणि शेजारी नवी गढूळ धार लागली होती. अंबाजीने कपाळावर हात मारला. शिव्या घालून घालून गाव त्यानेच तर तयार केलं होतं. त्याने चिखल काढला, नव्या धारेवरही रेती, खडी, दगड चढवले आणि पहाऱ्याला बसला.

अमावास्येला भर दुपारी उधाण चढलं. गाव धावत आलं, प्रत्येकाच्या हातात गोळा. अंबाजी गळतीपुढे हात पसरून उभा राहिला.

"खबरदार, कुनी गोला टाकाल तर!"

"अरं येडा झालास का?" शेजारची गोदूबाई ओरडली. "गलतंय न्हवं!"

"गलू दे! माती न्हाय येत!"

तोंडाने ओरडत होता, पण वळून वळून धारेकडे बघत होता. धार जाड झाली. त्याने ओंजळ भरून सगळ्यांपुढे धरली. पाण्याखाली तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

ओहोटी लागली. बांध जागचा हलला नव्हता, भातही उभं होतं. हातातला चिखल टाकायचा कुठे, हे कुणालाच सुचेना. अंबाजी ओल्या दगडांशेजारी मटकन बसला आणि सगळ्यांदेखत रडला. पाणी अजून येत होतं. त्याने ते येऊ दिलं.