पुष्पाचा निळा मुऱ्हाळी

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी स्वतःविषयी फार बोलू नये असे मला वाटते. एकदा बोलायला लागले की कुठे थांबावे ते कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला कामे असतात. तरी आज बोलते. मी एक जुनी हेराल्ड मोटार आहे. माझा रंग निळा. आता तो कितपत निळा राहिला आहे, याबद्दल दुमत होऊ शकेल. धुळ्याला देवपुरात एका अंगणात, कडुनिंबाखाली मी उभी असते. माझ्या आयुष्यात फार मोठे असे काही घडले नाही. एक गोष्ट मात्र घडली आणि तिचा मला अभिमान आहे.

माझा जन्म मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीच्या कारखान्यात झाला. माझी बांधणी जरा वेगळी. इतर मोटारींचे बोनेट पेटीच्या झाकणासारखे वर उघडते. माझे सगळे नाकाडच दिव्यांसकट पुढे कलंडते. इंजिनाचे काम करणाऱ्याला ओट्यावर बसावे तसे माझ्या पुढच्या चाकावर बसता येते. शिवाय अरुंद गल्लीत मी एका दमात तोंड फिरवते. हे गुण मी कष्टाने मिळवलेले नाहीत, तेव्हा त्यांचा गर्व करू नये. थोडा होतो.

पहिली काही वर्षे मी भुसावळच्या एका डॉक्टरांकडे होते. १९७९ साली मला जळगावच्या देवचंदभाऊंनी घेतले. ते एका डाळमिलमध्ये व्यवस्थापक होते. घरी पत्नी लिलाबाई आणि एकुलती एक मुलगी पुष्पा. देवचंदभाऊंना मोटारींचे वेड होते. रविवारी सकाळी ते माझ्या चाकावर बसून चहा घेत आणि लिलाबाई म्हणत, "नवरा जेवायला घरात येतो एवढं तरी बरं."

नवी गाडी कुठेही आली की देवचंदभाऊ तिला पाहायला जात. आधी तिच्याभोवती एक फेरी मारत. मग दार एका बोटाने लोटून त्याचा आवाज ऐकत. मग मागच्या सीटवर, अगदी मधोमध, जाऊन बसत. चालवणाऱ्याला आपली गाडी आवडतेच, असे ते म्हणत. खरे काय ते मागे बसणाऱ्याला कळते. शेवटी खाली उतरून बोनेटवर हात ठेवत आणि मत देत. गाडीविषयी जे बोलायचे ते तिच्या तोंडावर, माघारी नाही, हा त्यांचा नियम. हळूहळू लोक आपणहून बोलवायला लागले. जळगावात कोणी गाडी घेतली की नारळ फुटायच्या आधी देवचंदभाऊंना निरोप जाई.

त्यांची मते मला अजून आठवतात. कॉन्टेसा पाहून ते म्हणाले, ही पंगतीत पाट नाही, पलंग मागणारी पाहुणी आहे. पण बसली की शोभते. जिप्सीला म्हणाले, रानावनात हिच्यासारखी नाही, मात्र लग्नात हिला नेली तर नवरीसाठी स्टूल न्या. प्रीमियरची ११८ एनई त्यांना ओळखीच्या घरातली, पण पुण्याला शिकून आलेली मुलगी वाटली. असे बोलले की लोक हसत, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत असे. मत देणारा माणूस माझ्यातून आला आहे, हे सगळ्यांना दिसत होते. मला तेवढे पुरे होते.

एकदा मात्र माझे काळीज हलले. माझ्याच घराण्यातली नवी स्टँडर्ड २००० धुळ्याला आली आणि देवचंदभाऊ मला घेऊन ती पाहायला गेले. आम्हाला शेजारी शेजारी उभे केले. ती लांब, रुंद, परदेशी चेहऱ्याची. देवचंदभाऊ तिच्याभोवती एक सोडून तीन फेऱ्या फिरले. आपले दिवस भरले, असे मी समजले. अखेर त्यांनी तिच्या बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "देखणी आहे. पण हिच्या चाकावर बसून चहा पिता येत नाही." आम्ही घरी परत आलो. त्या दिवशी पारोळ्याच्या चढावर मी जरा जास्तच जोरात धावले असेन.

आता खरी गोष्ट. पुष्पाचे लग्न पारोळ्याच्या रतिलाल आबांच्या मुलाशी झाले. आबा कापसाचे व्यापारी, अंगाने सहा फुटी, आवाजाने त्याहून मोठे. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, वर्षभराचे बोलून घेतात. त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर लेक उंबऱ्यात उभी राहून रस्ता पाहते. पुष्पाला भाऊ नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला देवचंदभाऊ स्वतः मला घेऊन गेले. आबांच्या दारात माझ्या छतावर थाप मारून म्हणाले, हा पुष्पाचा मुऱ्हाळी. त्या गल्लीने ते नाव उचलले. पुढे मी दिसले की पोरे ओरडत, निळा मुऱ्हाळी आला. मित्रांनो, मोटारीला भाऊ म्हणणे बरोबर आहे की नाही, मला ठाऊक नाही. मला ते आवडले.

१९८६ सालच्या चैत्रात आबांचा नंबर लागून लाल मारुती घरी आली. गल्लीतली ती पहिलीच. आबांनी पूजा घातली आणि व्याही म्हणून देवचंदभाऊंना मानाने बोलावले. ओट्यावर वीस-पंचवीस माणसे. आबांनी सगळ्यांदेखत मत विचारले.

मुलीच्या बापाने अशा वेळी काय बोलायचे असते, ते खान्देशातल्या दगडालाही माहीत आहे. पण मोटारीसमोर उभे राहिले की देवचंदभाऊ मुलीचे बाप राहत नसत. त्यांनी फेरी मारली, दार लोटले, मागे बसले, उतरले. मग बोनेटवर हात ठेवून आमच्या बोलीत म्हणाले, "गाडी एक नंबर शे, आबा. पन ती तुमनी नही."

आबांनी विचारले, म्हणजे काय? तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की गाडी हलकी आहे, चपळ आहे, हिच्यासारखे इंजिन या रस्त्यावर अजून धावलेले नाही. फक्त ती दोन किडकिडीत मास्तरांच्या मापाची आहे. आबा चालवायला बसले की गुडघे कानाला लागतील.

सगळा ओटा हसला. आबाही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. माझ्यासमोरच ते बसले होते, म्हणून मला दिसले.

आखाजीच्या आठ दिवस आधी पारोळ्याहून निरोप आला. तुमच्या मोठ्या गाडीला आमची गल्ली अरुंद पडते, यंदा मुऱ्हाळी पाठवू नका. लिलाबाईंनी तो निरोप माझ्याजवळ अंगणात उभ्यानेच ऐकला. सांजोऱ्यांसाठी आणलेला रवा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी माझ्या बोनेटवर ठेवला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "जगातल्या गाड्यांना मार्क दिलेत. आता माझ्या लेकीला तेवढी घेऊन या."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. त्यांनी काय बोलायचे, ते लिलाबाईंनी ठरवून दिले होते. माझे चुकले, मारुती तुम्हालाच शोभते, एवढेच. देवचंदभाऊ जळगावपासून ते वाक्य म्हणून पाहत होते. एरंडोलपर्यंत त्यांना पहिला अर्धा भाग जमला. दुसरा अर्धा पारोळ्याची वेस आली तरी जमेना. मोटारीविषयी खोटे त्यांच्या तोंडून निघतच नव्हते. मला त्यांची कीव आली आणि, खरे सांगते, थोडा अभिमानही वाटला.

आबा ओट्यावरच होते. शेजारी त्यांची थोरली बहीण भिकुबाई अक्का गहू निवडत बसली होती. पुष्पा दारात आली आणि तिथेच थांबली. सासऱ्यासमोर तिला पुढे येता येईना. देवचंदभाऊंनी हात जोडले, चुकले म्हणाले. मग लाल मारुतीच्या बोनेटवर हात ठेवला आणि त्यांचे शब्द संपले. आबा वाट पाहत होते. सगळेच वाट पाहत होते.

तेव्हा भिकुबाई अक्का सूप बाजूला ठेवून व्याह्यांना म्हणाली, "याही, गावन्या गाडीसमा मांगे बसतस. सोतानी गाडीमा मांगे कधी बसनात?"

कोणी हसले नाही. देवचंदभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. सात वर्षे ते माझ्यात बसत होते, पण नेहमी पुढे, स्टिअरिंगवर. मागे कधीच नाही.

आबा सावरून बसले. म्हणाले, "बसा, याही. आनि मत सांगा. मन्ही गाडीनं सांगं तसंच."

मित्रांनो, त्या क्षणी मला पळून जावेसे वाटले. देवचंदभाऊंनी माझ्याभोवती फेरी मारली. एका बोटाने दार लोटले. ते लागले नाही. दुसऱ्यांदा लोटले तेव्हा खडखडत लागले. मग ते मागच्या सीटवर मधोमध बसले आणि लगेच एका बाजूला सरकले. त्या जागी माझी एक स्प्रिंग कापड फाडून वर आली होती. ती किती वर्षांपासून तशी होती, हे मला माहीत होते. त्यांना नव्हते.

"पुष्पा," त्यांनी आतूनच विचारले, "हे असं आधीपासून आहे?"

पुष्पाने मान खाली घातली. म्हणाली, "मी गोधडीची घडी घालून बसते, नाना."

"तुला गोधडीचा लळा आहे, असं मी समजत होतो."

"आईपण तशीच बसते."

ते उतरले. माझ्या बोनेटवर हात ठेवला. तो हात मला ओळखीचा होता, पण त्या दिवशी तो जड होता. त्यांनी मत दिले, आणि आवाज जरासुद्धा कमी केला नाही. गाडी पुढे बसणारानी शे, म्हणाले. मांगे बसणारीनी नही. दार सैल आहे, सीट फाटली आहे, आत पेट्रोलचा वास येतो. गाडीचा यात दोष नाही. रविवारी रविवारी मी हिचे नाक पुसत बसलो आणि मागे माझी बायको, माझी लेक टोचून घेत बसली. सगळ्या गाड्यांत मागे बसलो, एवढी एक सोडून.

माझी अशी निंदा आजवर कोणी केली नव्हती. पण तुम्हाला खरे सांगू का? मला लाज वाटली नाही. कॉन्टेसा, जिप्सी, मारुती, यांना ज्या मापाने मोजले त्याच मापाने या माणसाने मला मोजले होते, आणि तेही मुलगी उंबऱ्यात अडकलेली असताना. माझ्या लाडापोटी त्यांनी माप बदलले नाही. इतका मान मला कोणी दिलेला नाही.

आबा उठले. पुष्पाला म्हणाले, पिशवी भर. मग देवचंदभाऊंकडे वळून म्हणाले, "सून येई. पन या गाडीमा मांगे नही बसाव. मन्ही गाडीमा जाई." खिशातली मारुतीची किल्ली त्यांनी देवचंदभाऊंच्या हातात दिली. ती गाडी व्याह्यांनी चालवायची. मग माझ्यात कोण, असे पुष्पाने विचारले, तेव्हा आबा दुसरीकडे पाहत म्हणाले की मुऱ्हाळी रिकामा परत पाठवायची रीत नाही, मी जासू.

लाल मारुती पुढे, मी मागे, असे आम्ही जळगावला निघालो. पुष्पा मागच्या काचेतून माझ्याकडे पाहत होती आणि हसत होती. आबांनी माझे स्टिअरिंग धरले होते. गाव मागे पडेपर्यंत ते ताठ बसले. वेस ओलांडल्यावर त्यांनी सीट मागे सरकवली, पाय हळूहळू लांब केले आणि मोठा श्वास सोडला. इकडे तिकडे पाहून स्वतःशीच म्हणाले, "हाई बरं शे."

ते फक्त मी ऐकले. देवचंदभाऊंना ते कधीच कळले नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे.

जळगावला लिलाबाई तांब्या घेऊन दारात आल्या आणि मुऱ्हाळी म्हणून आलेला सासरा पाहून पाणी ओवाळायचे विसरल्या. आखाजी झाली. झोके झाले. पंधरा दिवसांनी माझी मागची सीट नवी झाली. कापड लिलाबाईंनी पसंत केले, आणि देवचंदभाऊ दुकानातून घरापर्यंत मागे बसून आले. मला दुकानदाराच्या माणसाने चालवले.

पुढेही ते नव्या गाड्या पाहत राहिले. ब्याण्णव साली सिएरा आली, तिच्या मागच्या मोठ्या काचा पाहून ते लहान मुलासारखे खुलले. या काचेआड आमच्या वैशाखात पापड वाळतील, असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण त्यांनी आधी मालकाला विचारले, "मत पाहिजे की कौतुक?" मालकाने थोडा विचार करून दोन्ही मागितले. दोन्ही मिळाले.

आता देवचंदभाऊ थकले आहेत. पुष्पाचा संसार पारोळ्याहून धुळ्याला हलला आहे आणि मी तिच्या अंगणात. रोज धावत नाही. कधी कधी वाटते, ही गोष्ट सांगण्याइतकी मोठी होती का? पण तुमच्याही घरात तुमची लाडकी अशी एखादी वस्तू असेल. तिला पुसता, सजवता, चारचौघांत मिरवता, ते चांगलेच आहे. तिच्यामुळे घरात कोणी गुपचूप टोचून घेत बसले आहे का, तेवढे एकदा पाहा. ते माणूस आपणहून सांगणार नाही. तुम्हालाच विचारावे लागेल.

आणि मित्रांनो, कधी देवपुरात आलात तर माझ्याकडेही या. दार दुसऱ्यांदा लोटले की लागते. आत बसा, आणि मी कशी वाटले ते मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन.