पाठीवरच्या लाल रेघा

मी एक जुना ढब्बू पैसा आहे, मित्रांनो. डचांच्या अमलात टांकसाळीत जन्मलो. आज माझ्या बदल्यात कुणी शेंगदाणाही देणार नाही; पण जावा बेटावरच्या आमच्या पेकालोंगानमध्ये कुणाला कणकण आली, अंग दुखलं की 'अंगात वारा शिरला' म्हणतात आणि मला अजून शोधतात. पाठीला तेल लावायचं आणि माझी कड खरखरा ओढायची. रेघ जितकी लाल, तितका वारा बाहेर.

माझी मालकीण सुमिराह. तिची धाकटी बहीण वार्तिनाह कापडावर मेणाची नक्षी काढायची. पन्नाशीला तिची पाळी गेली, अंगाची आग होऊ लागली, झोप उडाली. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "या आगीपुरत्या आहेत. हृदयाची राखण करणार नाहीत. छाती जड झाली तर तडक या."

आग शमली. मग काय, दोघींना वाटलं, गोळी हृदयाचीही राखण करतेय. जिना चढताना वार्तिनाहला दम लागला, तेव्हा सुमिराह म्हणाली, "काळीज गोळी बघतेय, वारा मी बघते. वळ इकडे." लालभडक रेघा उठल्या. "बघ गं, केवढा साठला होता!" माझं कौतुक झालं आणि मी वेडा फुगलो.

पुढे सुमिराह लेकीकडे दूरच्या बेटावर गेली. मला बहिणीपाशी ठेवून गेली. वार्तिनाह घरात एकटीच उरली.

एका सकाळी मेणाच्या शेगडीपाशी वार्तिनाहची छाती जड झाली, डावा हात भरून आला. तिने तेल घेतलं, मला घेतलं. पण स्वतःच्या पाठीला हात पोचेना. मी दोनदा खाली पडलो. "ताई असती तर," म्हणून ती रडली. शेवटी मला मुठीत धरूनच सायकलरिक्षात बसली.

दवाखान्यात यंत्राच्या पडद्यावर तिचं हृदय दिसलं. "रक्तवाहिनी तुंबलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठ खरवडत बसला असतात तर हाती लागला नसतात." हार्मोनच्या गोळ्या थांबल्या, हृदयाच्या सुरू झाल्या. त्या सकाळी सुमिराह घरी असती तर माझ्यापायीच वार्तिनाह गेली असती. हे मला अजून खातं.

ईदला सुमिराह आली. सवयीने तिने माझा डबा उघडला. वार्तिनाह म्हणाली, "राहू दे गं ताई. नुसता हात ठेव." सुमिराह कितीतरी वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी डब्यातून बघत होतो.

मित्रांनो, छाती जड झाली तर मला शोधू नका, दवाखाना गाठा. आणि जिच्या पाठीला हात लावणारं घरात कुणी नाही, तिच्याकडे अधूनमधून जात जा. तुम्हाला हात आहेत. मला नुसती कड आहे.