तीनदा मेलेला कडुनिंब

"काका, बस, इथे एक सही करा," डेपोची जमीन तपासणाऱ्या तरुण अधिकारी केतकीने कागद पुढे सरकवला. "बावीस ठिकाणची माती तपासली, सगळी साफ. सोमवारी जमीन हरियाणा सरकारच्या ताब्यात. मग तुम्ही सुटलात आणि मीही!"

मानेसरजवळच्या या केंद्र सरकारी डेपोत नरसिंह खांबेटे एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस; शुक्रवारी रिटायर होणार होता. कागदावर लिहिलं होतं, माझ्या माहितीप्रमाणे इथे काहीही पुरलेलं नाही.

आणि पुरलं कुणी होतं? खांबेट्यांनीच! सव्वीस वर्षांपूर्वी इन्स्पेक्शन तोंडावर आलं, तेव्हा साहेबांच्या हुकमावरून त्यांनी कोपऱ्यात खड्डा खणवला आणि सडक्या रसायनांची पिंपं त्यात ढकलून दिली. वर काय लावलं, तर पर्यावरण दिनाचा कडुनिंब. तीनदा लावला, तीनदा मेला. अहो, कडुनिंब! दिल्लीच्या उन्हाला जो भीक घालत नाही, तो.

"केतकी, त्या कोपऱ्यात काय होणार आहे गं?"

"मुलींची शाळा. हँडपंपही तिथेच. का हो?"

सकाळीच वैजयंतीने डबा देताना बजावलं होतं, "साहेब केव्हाच वारले. अडकाल तुम्ही एकटे. पेन्शन रखडली तर? गप्प सही करून या." बायकोचं काही चूक नव्हतं. त्यांना लाज वाटत होती ती स्वतःची.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सही नाही करत मी. चल, जागा दाखवतो."

त्यांनी चुना टाकून जागा आखून दिली. दुपारी जेसीबीने पहिलं पिंप वर काढलं. उग्र वास सुटला. गंजलेल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात नंबर होता, खांबेट्यांच्याच वळणदार अक्षरात.

केतकीने वाकून तो नंबर पाहिला. मग हळूच म्हणाली, "काका, 'जुन्या रेकॉर्डवरून कळलं' असं लिहिते मी. कुणाला काही समजणार नाही, बिल्कुल."

पोरगी स्वतःची नोकरी पणाला लावत होती.

"नको. पुरणाऱ्यानेच सांगितलं असं लिही. नाव पूर्ण लिही."

खड्ड्यातून जेसीबीवाला ओरडला, "बाबूजी, हो गया?"

"नहीं भाई," खांबेटे म्हणाले, "चौदह हैं."

आणि नाकाला रुमाल लावून ते तिथेच उभे राहिले.